सुखीलालाच्या खुर्चीत

चित्रपटावर मत देण्याची आमच्या वर्धा जिल्ह्याला जुनी परंपरा आहे, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. १९३६ साली सेवाग्रामला राहायला आलेल्या गांधीजींचे सिनेमाविषयीचे मत प्रसिद्धच आहे; त्यांना तो मुळीच आवडत नसे. १९४४ साली आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर जुहूला विश्रांती घेत असताना त्यांना विजय भट्टांचा ‘रामराज्य’ दाखवण्यात आला, आणि गांधीजींनी पाहिलेला हिंदी चित्रपट म्हणून आजवर त्याच एकाचे नाव घेतले जाते. दुसरे टोक हिंगणघाटचे. तिथे १९१४ साली जन्मलेले बाबा आमटे तरुणपणी ‘पिक्चरगोअर’ या मासिकासाठी इंग्रजीतून परीक्षणे लिहीत आणि ग्रेटा गार्बो, नॉर्मा शिअरर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. पुढे आनंदवन उभे राहिले, परीक्षणे मागे पडली.

एक सिनेमाकडे पाठ फिरवणारे, दुसरे त्यावर लिहिणारे. या दोन थोरांच्या मध्ये आमच्यासारखी सामान्य माणसे. आम्ही सिनेमा पाहतो, जेवताना त्यावर मत ठोकतो आणि हात धुऊन झोपी जातो. मत ठोकण्याला भांडवल लागत नाही, तारण लागत नाही, जामीनदार लागत नाही. आयुष्याची पस्तीस वर्षे बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात घालवलेल्या माणसाला याचे केवढे सुख वाटत असेल, याची वाचकांनी कल्पना करावी.

पण सवय काही सुटत नाही. माझी सौ. म्हणते, “तुम्ही सिनेमा पाहत नाही, त्याचं इन्स्पेक्शन करता.” खरे आहे ते. ‘मदर इंडिया’ (१९५७) मी पाच-सहा वेळा तरी पाहिला असेल. लोक नर्गिसच्या खांद्यावरचा नांगर पाहून रडतात. मी सुखीलालाची वही पाहतो. सासूने लग्नासाठी घेतलेले कर्ज पाचशे रुपये, आणि त्याच्या नुसत्या व्याजापोटी पिकाचा तीन चतुर्थांश वाटा सावकाराचा. मुद्दल जिथल्या तिथे. हा दर काय पडला, याचा हिशेब मी एकदा खरोखरच वर्तमानपत्राच्या कडेला करून पाहिला होता. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मध्ये (१९५३) बलराज साहनीचा शंभू घरातले किडूकमिडूक विकून ६५ रुपये घेऊन जातो, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे देणे तेवढेच असते. जमीनदाराच्या कागदावर निघतात २३५. शंभू कोर्टात जातो. त्याला वाचता येत नाही आणि कोर्टाला कागदाशिवाय दुसरे काही वाचता येत नाही. तीन महिन्यांची मुदत मिळते. पुढचे सगळे कलकत्त्याचे हाल, ती हातरिक्षा, ते धावणे, हे सारे मला त्या दोन आकड्यांमधल्या १७० रुपयांचे व्याज वाटते.

आपल्याकडे ही गोष्ट त्याहूनही जुनी. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला तो मूकपट. त्यात शेत गमावून शहरात गिरणीकामगार झालेल्या तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. म्हणजे कर्जाच्या गोष्टीने पडद्यावर आता शंभरी गाठली. या शंभर वर्षांत एक सोय मात्र कायम होती. सावकाराला चेहरा असे. कन्हैयालालने सुखीलाल इतका झकास रंगवला (त्याआधी मेहबूब खानच्याच ‘औरत’मध्ये, १९४० साली, ती भूमिका त्यानेच केली होती) की तो पडद्यावर आला की टॉकीजमध्ये शिव्या सुरू होत. बिरजू त्याच्यावर धावून गेला की टाळ्या पडत. मीही वाजवल्या आहेत. तेव्हा मी शाळेत होतो आणि पुढे आपण कोणत्या खुर्चीत बसणार आहोत याची मला कल्पना नव्हती.

हे सगळे आठवण्याचे कारण म्हणजे माझा गुडघा. यंदाच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत, बाजाराला पायी जायचे नाही असे बजावले. मुलाने पुण्याहून येऊन टीव्हीच्या पाठीमागे कसलीशी काडी खोचून दिली आणि “आता घरबसल्या वाट्टेल तो सिनेमा बघा” असे सांगून तो परत गेला. बाहेर पावसाची रिपरिप, आत आम्ही दोघे, मधे भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांची परडी. पंधरा दिवसांत आम्ही चार चित्रपट पाहिले. त्यांविषयीची ही फुटकळ मते. समीक्षा म्हणून कुणी वाचू नये.

पहिला ‘स्थळ’. जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा चित्रपट २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात गाजला, तिथे त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि आपल्याकडे चित्रपटगृहांत तो २०२५ च्या मार्चमध्ये आला. गोष्ट आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावची. कॉलेजात शिकणारी सविता आणि तिला पाहायला येणारे पाहुणे. दर वेळी तोच पाट, तेच पोहे, तेच प्रश्न. नाव काय, शिक्षण काय, उंची किती, छंद कोणता. नंदिनी चिकटे या मुलीने सविताचे काम असे केले आहे की ते काम वाटतच नाही. यातली माणसे नट नाहीत, खरोखरची गावातली आहेत, आणि भाषा आमची आहे. इतकी वर्षे पडद्यावर वऱ्हाडी बोली आली की ती हसवायलाच येई. नोकराच्या नाहीतर बावळट पाहुण्याच्या तोंडी. इथे ती रडायलाही आली, गप्प बसायलाही आली. हे मला फार आवडले.

सौ.ला सुरुवातीचा प्रसंग आवडला. त्यात सगळे उलटे असते. बायका पाटीलकी थाटात खुर्च्यांवर बसल्या आहेत आणि मुलगा बिचारा खाली मान घालून उत्तरे देतो आहे. “तुम्ही मला पाहायला आलात तेव्हा तुमच्या मामांनी मला चालून दाखवायला लावलं होतं,” ती म्हणाली. मला आठवत नव्हते. तिला मात्र मामांच्या टोपीचा रंगदेखील आठवत होता. मी शेंगा सोलत राहिलो.

इन्स्पेक्शनची सवय म्हणून मी पाहत होतो तो सविताचा बाप. दौलतरावांच्या घरी कापूस आहे, पण भाव नाही. मुलीचे लग्न आणि कापसाचा भाव या दोन गोष्टी आमच्याकडे एकाच गाठीत बांधलेल्या असतात, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. बँकेत असताना दिवाळीनंतर शाखेत येणाऱ्या माणसाच्या चालीवरून मी ओळखत असे, याच्या घरी यंदा लग्न आहे. पीककर्ज पिकासाठी असते असे आमच्या पुस्तकात लिहिलेले होते. कास्तकाराच्या घरात पैशाला एवढे वेगवेगळे कप्पे नसतात.

दुसरा ‘एक हजाराची नोट’. श्रीहरी साठे यांचा २०१४ सालचा चित्रपट. उषा नाईक यांनी केलेली बुढी ही गावातली एकटी म्हातारी. तिच्या शेतकरी मुलाने आत्महत्या केलेली आहे. निवडणुकीच्या सभेत पुढारी तिच्या हातात हजाराच्या नोटा ठेवतो. ती शेजारच्या सुदामाला (संदीप पाठक) घेऊन बाजाराला जाते आणि तिथून गोष्ट बिघडते, कारण असल्या बाईजवळ असली नोट असणे हाच मुळी गुन्हा ठरतो. चित्रपट साधा आहे, थोडा संथही आहे, पण उषा नाईकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा नोट पाहताना जे येते ते पाहण्यासारखे आहे. नोट खरी की खोटी हे पाहायला मीही हजारो वेळा ती उजेडात धरली असेल. ती धरताना काउंटरपलीकडच्या माणसाच्या तोंडाकडे पाहायचे असते, हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवले नव्हते. चित्रपट आला आणि दोनच वर्षांनी, ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री, ती नोटच बाद झाली. पिक्चरच्या नावातली नोट आता नातवंडांना चित्रातच दाखवावी लागेल.

तिसरा ‘गाभ्रीचा पाऊस’. सतीश मनवर यांचा हा चित्रपट मी २००९ साली, तो नवा असताना पाहिला होता आणि मला आवडला नव्हता. तेव्हा मी नोकरीत होतो आणि विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या, बँकांची वसुली, पॅकेज या शब्दांनी कान किटले होते. वाटले, आता यांनी यावरही सिनेमा काढला. यंदा सौ.च्या आग्रहाने पुन्हा पाहिला आणि आपले तेव्हाचे मत किती चुकीचे होते, हे कबूल करावेसे वाटले.

गोष्ट थोडक्यात अशी. शेजारचा एक शेतकरी जीव देतो. किसनाची बायको अलका घाबरते. तिला वाटते, आपला नवराही हेच करणार. म्हणून ती त्याच्यावर पाळत ठेवते. लहानग्या दिनूला बापाच्या मागे मागे पाठवते, सासूलाही कामाला लावते, किसनाला आवडेल ते रांधते. किसनाच्या मनात तसे काही नसते. त्याला आपली पेरणी, बियाणे आणि न येणारा पाऊस यांपुढे मरायलासुद्धा सवड नाही. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी, ज्योती सुभाष, तिघांनी अशी कामे केली आहेत की आपण मधेच हसतो आणि हसल्याबद्दल ओशाळतो. शेवट सांगत नाही. न पाहिलेल्यांनी पाहावा.

पहिल्यांदा पाहताना मला तो चित्रपट किसनाचा वाटला होता. या वेळी तो अलकाचा वाटला. संपल्यावर सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्या बाईला देणं किती आहे हे माहीत होतं का हो?”

मी म्हटले, “म्हणजे?”

“म्हणजे कर्ज किती, व्याज किती, केव्हापर्यंत भरायचं, नाही भरलं तर काय होतं. हे तिला कुणी सांगितलंय का? नुसतं घाबरायचं तेवढं तिच्या वाट्याला. तुम्ही एवढी वर्षे गावोगाव हिंडलात. घरच्या बाईला कधी सांगितलंत, की बाई, एवढी बाकी आहे आणि असा असा मार्ग आहे?”

मी काहीतरी उत्तर दिले. कर्जदार नवरा असतो, सही त्याची असते, खात्याची माहिती दुसऱ्याला देता येत नाही, वगैरे. नियम म्हणून ते उत्तर बरोबरही होते. पण त्या रात्री झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही चौथा चित्रपट लावला तो हिंदी होता, त्यामुळे जरा हवापालट होईल असे मला वाटले. चित्रपटाचे नाव होते ‘कडवी हवा’.

नीलमाधव पंडा यांचा हा २०१७ सालचा चित्रपट. संजय मिश्रा यांनी आंधळ्या म्हाताऱ्या हेदूचे काम केले आहे. मुलगा कर्जात बुडालेला, पाऊस रुसलेला, आणि मुलगा जिवाचे बरेवाईट करील या भीतीने म्हातारा झुरतो आहे. गावात बँकेचा वसुलीवाला येतो. लोक त्याला यमदूत म्हणतात. तो आला की गाव रिकामे होते. रणवीर शौरीने केलेला हा गुनूबाबू दुष्ट नाही. तो ओडिशाच्या किनाऱ्याकडचा, त्याचे घर समुद्राच्या तोंडाशी, बायकापोरांना तिथून हलवायचे आहे आणि त्यासाठी वसुली वाढायला हवी. आंधळा म्हातारा त्याच्याशी सौदा करतो. गावात कुणाकडे पैसा आहे याची खबर मी देतो, तू माझ्या मुलाचे तेवढे पाहा. एकाला पावसाची भीती, दुसऱ्याला समुद्राची. दोन घाबरलेली माणसे एकमेकांना धरून बुडत असावीत तसे ते दृश्य आहे.

इथे मला टीव्ही बंद करावासा वाटला. शंभर वर्षांत पडद्यावरचा सावकार बदलत बदलत अखेर माझ्या खुर्चीत येऊन बसला होता. अंगावर इस्त्रीचा शर्ट, काखेत फायलींचा गठ्ठा. आणि दार लोटले जात होते.

मलाही ते दार माहीत होते.

२००५ सालचा मार्च महिना. मी जिल्ह्यातल्या एका शाखेत कृषी कर्जे पाहत होतो. मार्चअखेर म्हणजे वसुली. जीप, दोन कर्मचारी, यादी. एका गावात यादीतले सहावे की सातवे घर. सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. त्या हंगामात पाऊस दडी मारून बसला होता, दुबार पेरणी झाली होती, आणि बोंडे धरायच्या वेळी पऱ्हाटी वाळली होती. पीककर्ज थकलेले. आम्ही अंगणात शिरलो तेव्हा आठ-नऊ वर्षांचा मुलगा दारात उभा होता. विचारण्याआधीच त्याने पाठ केल्यासारखे सांगितले, “बाबा घरी नाई. वावरात गेले.”

त्याच्या आईने बाज टाकली, पाणी दिले आणि चहा ठेवला. आमच्याकडे वैऱ्यालाही चहा पाजल्याशिवाय जाऊ देत नाहीत. मी बाजेवर बसलो. समोर गुरांचा कोठा. कोठ्याचे दार लोटलेले, पण ते खाली चार बोटे कमी पडत होते, आणि त्या फटीतून मला दोन पाय दिसले. भेगाळलेले, धुळीचे, अगदी स्थिर. त्या दोन पायांमध्ये वाळलेले गवत होते, ते सुद्धा हलत नव्हते.

मी पाहिले आणि मान फिरवली. चहा प्यालो. मुलाला कितवीत आहेस म्हणून विचारले. जीपमध्ये बसल्यावर यादीत त्या नावापुढे लिहिले, ‘कर्जदार भेटला नाही’. सोबतच्या शिपायानेही ते पाय पाहिले होते. तो काही बोलला नाही. मला आपण फार मोठे औदार्य केल्यासारखे वाटले. त्या माणसाची अब्रू राखली, मुलासमोर बापाला खोटे पाडले नाही. हे समाधान मी वीस वर्षे उराशी जपले. माझ्या एका कादंबरीत हा प्रसंग घालायचाही माझा विचार होता, आणि त्यात तो बँकवाला अर्थातच चांगला माणूस असणार होता.

आता सौ.च्या प्रश्नाकडे येतो. त्या दिवशी माझ्या फायलीत आणखी एक कागद होता. त्या गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत जाहीर झाली होती. जुने लोक जिला आणेवारी म्हणतात ती. ती तशी लागली की थकलेल्या पीककर्जाचे मध्यम मुदतीच्या कर्जात रूपांतर करता येत असे. म्हणजे देणे माफ होत नसे, पण हप्ते पडत, माणूस थकबाकीदारांच्या यादीतून निघे, आणि मुख्य म्हणजे जूनमध्ये पेरणीला नवे कर्ज मिळायला मोकळा होई. अट एवढीच की कर्जदाराने येऊन अर्ज करायचा आणि नव्या कागदांवर सही करायची. मुदतीच्या आत.

कोठ्याचे दार माझ्यापासून सात-आठ पावलांवर होते. मी चहा पिता पिता नुसते मोठ्याने म्हटले असते, “वहिनी, त्यांना सांगा, घाबरू नका. सोमवारी शाखेत या, सातबारा घेऊन या, हप्ते पाडून देतो,” तर दाराआड ते ऐकू गेले असते. चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईने तर ऐकलेच असते. कुठल्याही नियमाचा त्यात भंग नव्हता. उलट ते माझे कामच होते. पण ‘भेटला नाही’ म्हटल्यावर बोलणार कुणाशी? मी न पाहण्याचा मोठेपणा केला आणि सांगायचे तेवढे राहून गेले.

तो माणूस त्या मुदतीत शाखेत आला नाही. कसा येणार? पुढल्या वर्षी माझी बदली झाली.

त्या मुलाची आणि माझी गाठ पडली ती मागल्या हिवाळ्यात, हिंगणघाटला एका लग्नात. पंगतीत वाढता वाढता तो थांबला. आता तो मोबाइल दुरुस्तीचे छोटे दुकान चालवतो. “साहेब, तुमी आमच्या घरी आले होते. जीप घेऊन. मी तुमाले खोटं बोललो होतो.” मी म्हटले, मला ठाऊक होते. तो हसला. “बाबालेही मालूम होतं, तुमाले दिसलं म्हून. तुमी चहा पिऊन जाईपर्यंत त्यायनं श्वास नाई घेतला. तुमी काऊन काई बोलले नाई, याचा त्यायनं लई घोर केला. मनात म्हने, आता हा जप्तीच आनते.”

बाकीची हकीकत त्याने वाढता वाढता, भाजीचे भांडे कमरेला टेकवून सांगितली. बँकेचे दार बंद झाल्यावर बापाने खताबियाण्याची उधारी कृषी केंद्रावर केली, वरच्या पैशासाठी खाजगी सावकार गाठला. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग आमच्या जिल्ह्यातल्या वायफडला येऊन गेले, विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. ते सगळे त्याच्या बापाने वर्तमानपत्रात वाचले. २००७ मध्ये त्याने तीन एकर विकले, बँकेची बाकी भरली, सावकाराला मोकळे केले. आणि २००८ च्या अर्थसंकल्पात केंद्राची कर्जमाफी आली. ती थकलेल्यांसाठी होती. भरून बसलेल्यांसाठी नव्हती. “तसंही आमचं सात एकर होतं,” तो समजूतदारपणे म्हणाला. पाच एकरांच्या आतल्यांचे पूर्ण माफ झाले. त्यावरच्यांना २५ टक्के किंवा आमच्यासारख्या जिल्ह्यांत २०,००० रुपये, यांपैकी जास्त असेल तेवढी सूट, तीही उरलेली रक्कम भरली तर. कोरडवाहूचे सात एकर आणि कालव्याखालचे चार एकर यांत श्रीमंत कोण, हे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल. कागदावर ते सात एकर होते.

‘मदर इंडिया’ वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांना मी आता विचारीन, या गोष्टीत बिरजूने कुणावर धावून जायचे? पाच एकरांच्या रेषेवर? मुदतीच्या तारखेवर? जमीन गेली तेव्हा इथे ढोल वाजले नाहीत, वीज कडाडली नाही. तलाठ्याच्या दप्तरी एक फेरफार झाला. कन्हैयालालसारखा नट मिळाला तरी फेरफाराचे काम त्याच्याकडून कसे करून घेणार? म्हणूनच मला वाटते, आजच्या कर्जाचा खरा चित्रपट काढणे फार अवघड आहे, आणि ‘गाभ्रीचा पाऊस’ व ‘कडवी हवा’ यांनी ते बऱ्याच अंशी साधले, कारण त्यांनी सावकार दाखवायचा सोडून भीती दाखवली. दाराच्या दोन्ही बाजूंची.

मुलाला मी विचारले, “बाबा कसे आहेत?” “हाय ना. उरलेल्या चार एकरात पऱ्हाटी लावते. तुमचं नाव काढते कधी कधी.” काय म्हणतात, हे विचारायचे धाडस मला झाले नाही. त्याने माझ्या पानात आणखी एक बुंदीचा लाडू ठेवला आणि तो पुढच्या पानाकडे वळला.

हे सगळे मी त्या रात्री, ‘कडवी हवा’ संपल्यावर, सौ.ला सांगितले. लग्नाच्या चाळीस वर्षांत प्रथमच सांगितले. माझी समजूत होती, ती मला धीर देईल. “तुम्ही तरी काय करणार होता,” असे म्हणेल. तसे ती काही म्हणाली नाही. शेंगांची टरफले गोळा करून तिने परडी आत नेऊन ठेवली आणि पदराला हात पुसत परत आली.

“माझं एक काम करा,” ती म्हणाली. “आपलं काय काय कुठं आहे, ते मला सांगून ठेवा.”

“कसलं काय?”

“तेच. बँकेचं, पोस्टाचं, विम्याचं. नाव कुठं कुणाचं लावलंय. कुणाचं देणं आहे का. तुम्ही बँकवाले, पण मला घरातलं पासबुकदेखील कधी वाचायला लागलं नाही. उद्या मलाही असंच दारात उभं राहून कुणाला तरी ‘घरी नाहीत’ म्हणून सांगावं लागेल, आणि मला माहीत काहीच नसेल.”

मी कपाट उघडले. पस्तीस वर्षे मी लोकांचे कागद नीट लावून दिले. आमचे स्वतःचे एका जुन्या साडीच्या खोक्यात कोंबलेले होते. एका ठेवीवर वारस म्हणून अजून माझ्या आईचे नाव होते, आणि आईला जाऊन अकरा वर्षे झाली. सौ.ने मुलाच्या शाळेची एक कोरी वही शोधून आणली, चष्मा लावला आणि पहिल्या पानावर वळणदार अक्षरात तारीख घातली. “हं, सांगा,” ती म्हणाली. “सावकाश सांगा. कळलं नाही तर मी पुन्हा विचारीन.”

रात्री साडेबारापर्यंत आम्ही बसलो होतो. तिने पुष्कळ वेळा पुन्हा विचारले. पुढल्या आठवड्यात तिला एखादा विनोदी चित्रपट पाहायचा आहे. पाहू.